पाड्यावर धान्य येते, तरी मुलांची वजने का वाढत नाहीत?

ताई, आपला प्रश्न मी थोडक्यात असा समजलो. आपण जव्हार-मोखाड्याच्या बाजूच्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य आहात. पंचायतीत सात पाडे आहेत, रेशनचे दुकान आहे, अंगणवाड्या चालू आहेत, शाळेत खिचडी शिजते, आणि तरीही पावसाळ्यात घेतलेल्या वजनांत दोन वर्षांच्या आतली बरीच मुले पिवळ्या-लाल रेषेखाली निघाली. पेसाच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याखाली येणाऱ्या, निधीतले काही पैसे शिल्लक आहेत, त्यातून घरटी परसबाग करून द्यावी असा बहुतेक सदस्यांचा आग्रह आहे, तर सुरुवात त्यानेच करावी का, असे आपण विचारता. दुकानातल्या पाच रुपयांच्या खाऊच्या पाकिटांवर ग्रामसभेत ठराव करून बंदी घालता येईल का, हा आपला दुसरा प्रश्न आहे.

मी या भागात वीसहून अधिक वर्षे पोषणाचे काम करतो आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की परसबाग हे काम चांगले असले तरी ते पहिले काम नाही. गावात अन्न येते की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच अंशी सुटलेला आहे. ते अन्न वर्षाच्या नेमक्या कोणत्या महिन्यांत आणि दिवसाच्या नेमक्या कोणत्या वेळी मुलाच्या तोंडापर्यंत पोचत नाही, हे मात्र कोणी मोजत नाही, आणि ते मोजल्याशिवाय खर्च केलेला पैसा बहुधा चुकीच्या जागी पडतो. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे हा भाग राज्यभर चर्चेत आला, तेव्हापासून योजना कमी झाल्या नाहीत, वाढतच गेल्या. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेऱ्यांमध्ये, म्हणजे २०१५-१६ आणि २०१९-२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचे प्रमाण ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ टक्क्यांवर आणि अतितीव्र कृश, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेल्या, मुलांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले.

म्हणून पहिले काम कागदाचे आहे, पण ते कार्यालयात बसून करायचे नाही. प्रत्येक पाड्यावर दहा-बारा बायांना एकत्र बसवा, मोठ्या कागदावर मराठी महिन्यांचे बारा रकाने आखा, आणि प्रत्येक महिन्यात घरात काय असते, काय विकत आणावे लागते, हातात मजुरी असते की नाही आणि मूल कोणापाशी असते, एवढेच विचारा. आपल्याकडे हा तक्ता साधारण सारखाच निघतो. दिवाळीच्या सुमारास भात, नागली (नाचणी), वरई घरात येते. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, काही होळीला येऊन पुन्हा जातात, काही थेट जूनच्या तोंडावर परततात. आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू होते तेव्हा कणगी तळाला गेलेली असते, भट्टीमालकाकडून आणलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटलेली असते किंवा नसते, ओढे भरलेले असतात आणि जुलाब-तापाची साथ असते. आषाढ, श्रावण आणि भादव्याचा पहिला पंधरवडा, हीच खरी अडचणीची मुदत. वर्षभर सारखी वाटली जाणारी कोणतीही गोष्ट या अडीच महिन्यांना पुरी पडत नाही.

त्यानंतर दिवसाचा तक्ता करा. याबाबत माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका पाड्यावर आम्ही दोन वर्षे आईंना आहाराचे प्रशिक्षण देत होतो, भित्तिचित्रे लावत होतो, वजने मात्र जागची हलत नव्हती. अखेर तिथल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आईला शिकवता, पण दिवसा मूल आईजवळ असतं कुठे?" मग श्रावणातल्या एका दिवशी त्या सकाळपासून एका घरी बसून राहिल्या. आई साडेसहाला भाकर बांधून आवणीला गेली. चौदा महिन्यांचे मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहिले. सकाळी त्याने कोऱ्या चहात बुडवलेले बिस्कीट खाल्ले, अकराच्या सुमारास बहिणीने दुकानातून पिवळ्या नळ्यांचे पाकीट आणले, नळ्या पाच बोटांत अंगठ्यांसारख्या घालून एकेक करून त्याला भरवल्या, आणि दुपारी थंड भात पाण्यात कालवून तीन-चार घास दिले. आई सहाला आली, तेव्हा मूल झोपेला आले होते. घरात तांदूळ होता, डाळही थोडी होती, आईला काय द्यायचे हे पाठ होते. नऊ महिन्यांनंतरच्या मुलाला दिवसात तीन-चार वेळा नीट जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाणे लागते, आणि या मुलाला जेवण म्हणावे असे त्या दिवशी काहीच मिळाले नाही. असे दिवस आवणीत सलग पस्तीस-चाळीस येतात.

हा दिवस समोर ठेवून आता हक्काचे काय आहे ते पाहू, कारण पंचायतीचा पैसा खर्च करण्यापूर्वी सरकारकडून येणे असलेले पूर्ण येते का, हे तपासणे सोपे आणि फुकट आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम, त्यातून ५८० किलोकॅलरीच्या आसपास मिळते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मध्यम कष्टाच्या बाईला दिवसाला २,१३० लागतात. म्हणजे रेशन पूर्ण मिळाले तरी ते पाव पोटाचे आहे, हे ग्रामसभेत मोकळेपणाने सांगितले पाहिजे, नाहीतर "धान्य मिळते ना, मग आणखी काय" हा युक्तिवाद प्रत्येक बैठकीत डोके वर काढतो.

पण खरी गळती कार्डावरील नावांत असते. घरात सात माणसे आणि कार्डावर चार, असे प्रत्येक पाड्यावर सापडते, कारण नवीन सून आणि लहान मुले यांची नावे चढलेलीच नसतात. तहसीलच्या पुरवठा शाखेत गेल्यावर इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरला असल्याचे सांगून परत पाठवले जाते, आणि ते खोटेही नसते. लाभार्थ्यांची संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. तरीही मयत व्यक्ती, लग्न होऊन गेलेल्या मुली आणि कायमची गाव सोडून गेलेली कुटुंबे यांची नावे ग्रामसभेने स्वतःहून कमी करून दिली, तर त्यांच्या जागी नवी नावे मागता येतात. यादी वाचून दाखवण्याचे काम दुकानदारावर सोपवू नका, ग्राम दक्षता समितीने ते करावे. एक बारकावा सांगतो, कारण तो अनेकांच्या लक्षात येत नाही: अंत्योदयाचे ३५ किलो हे कुटुंबाला असतात, माणशी नसतात, त्यामुळे आठ जणांच्या एकत्र कुटुंबाला प्राधान्य कार्डावर ४० किलो मिळाले असते आणि "सर्वांत गरिबांच्या" कार्डावर ३५ मिळतात. अशी कुटुंबे खरोखरच वेगळी राहत असतील, तर त्यांचे कार्ड विभक्त करून घेणे योग्य आहे.

भट्टीवर जाणाऱ्यांसाठी तर माहिती हीच मदत आहे. कार्डाचा बारा अंकी क्रमांक आणि अंगठा यांवर राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येते, आणि सगळे एकदम उचलायचीही सक्ती नाही. काही तिकडे आणि उरलेले म्हाताऱ्यांनी गावात, असे करता येते. दिवाळीपूर्वी प्रत्येक कुटुंबाला तो क्रमांक जाड कागदावर लिहून द्या. आमच्या अनुभवात भट्टीजवळचा दुकानदार पहिल्यांदा "तुमचे गावाकडे" म्हणून परत पाठवतोच. त्याच वेळी १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवली की ई-पॉस यंत्र अचानक चालू लागते.

रेशनच्या तांदळाबद्दल एक गैरसमज इथे दूर करणे भाग आहे. बायका सुपात तांदूळ निवडताना काही दाणे बाजूला काढतात. ते दाणे किंचित पिवळट, जरा मऊ कडांचे आणि पाण्यात तरंगणारे असतात, आणि त्यांना "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून कोंबड्यांपुढे टाकले जाते. ते पोषणतत्त्वयुक्त दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते तयार करतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. ते काढून टाकले तर त्यात घातलेले सारे लोह सुपाबाहेर गेले. तांदूळ फार वेळा चोळून धुणे आणि भाताचे पाणी ओतून टाकणेही टाळावे. ज्या घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण आहे, तिथे मात्र हा सल्ला सरसकट न देता प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून द्यावा. आपल्या भागात सिकलसेल आहे, हे विसरून चालणार नाही.

आता अंगणवाडी. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाला एक वेळचे ताजे जेवण आहे, आणि पुढल्या वर्षापासून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे, म्हणजे महिन्याला सोळा, असा हिशोब आहे. "महिन्याला सोळा" हा आकडा प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर बाहेरून, मोठ्या अक्षरांत, चुन्याने लिहून घ्या. एवढ्या एका गोष्टीने जितका फरक पडतो, तितका दहा निवेदनांनी पडत नाही, कारण मग अंड्याचा हिशोब आजीसुद्धा विचारू लागते. सेविकेवर मात्र रोख धरू नका. अंड्यांचे पैसे तिच्यापर्यंत महिनोन्‌महिने उशिरा पोचतात, ती उधारीवर अंडी आणते, आणि दुकानदार थकबाकी मागू लागला की अंडी बंद होतात. इथे आहार समितीच्या खात्यावर पैसे कधी जमा झाले हे दरमहा पाहणे आणि उशीर झाल्यास प्रकल्प कार्यालयाला पंचायतीच्या कागदावर कळवणे, हे सदस्य म्हणून आपले काम आहे. योजना कशा बदलतात याचे ताजे उदाहरण शाळांचे आहे: २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी सरकारने थांबवला.

गरोदर बाईच्या जेवणाचा प्रश्न अंतराचा आहे. ज्या पाड्यावरून अंगणवाडीला जायला ओढा ओलांडावा लागतो, तिथून आठव्या महिन्यातली बाई जुलैत येणार नाही; डबा दुसऱ्या कोणाबरोबर जातो, घरी सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला दोन घास येतात. अशा पाड्यापुरते पावसाळ्याचे चार महिने जेवण पाड्यावरच शिजवून द्यावे, असा ठराव करून सेविका व पर्यवेक्षिकेशी बोलणी करा.

इथपर्यंतचे सगळे केले तरी सकाळी साडेसहा ते सायंकाळी सहाच्या मधले ते मूल तसेच राहते, आणि म्हणून आपल्याजवळचा पैसा तिथे घालावा असे मी सुचवतो: आवणीपासून घटस्थापनेपर्यंत प्रत्येक पाड्यावर, पाड्यातल्याच घरात, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने जंगलातल्या गावांत 'फुलवारी' या नावाने अशी पाळणाघरे चालवली आणि पुढे त्या राज्यात शासनानेही ती पद्धत उचलली. त्यात विशेष असे काहीच नाही, आणि तीच तिची ताकद आहे. आठ-दहा मुलांमागे पाड्यातली एक बाई, पंधरा मुलांना दोन. स्वच्छ शेणाने सारवलेली जमीन, झोळ्या, हात धुवायला पाणी आणि साबण, आणि दिवसातून तीन वेळा खाणे. बहीण शाळेत जाते, हा वेगळा फायदा. बायांना मानधन पूर्ण आणि वेळेवर द्या. हे काम सेवाभावाने करून घेण्याचा मोह पंचायतींना फार होतो, आणि तिसऱ्या आठवड्यात बाई स्वतःच्या आवणीला निघून जाते.

पैसे कुठून, असे सरपंच विचारतील. राज्यात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट येतो, आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या ठरलेल्या विषयांपैकी एक आहे. ग्रामसभेने ठराव नेमक्या शब्दांत लिहिला, तर पाळणाघर त्यात बसवता येते. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा वार्षिक निधी दहा हजारांपर्यंतच असतो, पण झोळ्या, भांडी आणि वजनकाटा त्यातून येतो. ठरावात "कुपोषण निर्मूलन" असे मोघम लिहू नका. किती मुले, किती दिवस, रोज काय, असे लिहा, म्हणजे लेखापरीक्षणात त्रास होत नाही.

पाळणाघरात काय शिजवायचे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी चूक तिथेच होते. आठ किलोच्या मुलाचे पोट एका वेळी सुमारे २४० मिलीलिटर घेते. ते पातळ पेजेने भरले, तर मूल पोटभर जेवून उपाशी राहते. आम्ही बायांना एकच चाचणी शिकवतो: चमचा भरून तिरका धरा, खाणे धारेने गळले तर ते पाणी आहे, चमच्याला धरून राहिले तर ते जेवण आहे. घट्ट खिमट किंवा नागलीची जाड लापशी, त्यात कुस्करलेली डाळ, आणि वरून चहाच्या चमच्याने एक चमचा कच्चे तेल. त्या चमच्यात सुमारे ४५ किलोकॅलरी असते, जवळपास लहान वाटीभर पातळ पेजेइतकी. आपल्याकडे खुरासणी होते आणि घाण्यावरून काढलेले तिचे तेल अजून काही घरांत असते. ते असेल तर उत्तमच.

घट्ट लापशी लहान मुलाला गिळत नाही म्हणून आया पाणी घालतात, आणि पुन्हा तेच होते. त्यावर उपाय नागलीतच आहे. नागली रात्रभर भिजवून, फडक्यात मोड आणून, सावलीत वाळवून, किंचित भाजून दळा. शिजून कोमट झालेल्या घट्ट लापशीत हे मोडाचे पीठ चिमूटभर टाकून ढवळले, की पाच-दहा मिनिटांत ती पाणी न घालता सैल होते. नंतर तिला एक कढ द्या. पहिल्यांदा पाहणाऱ्या बायका हमखास हसतात. मोड येताना तयार झालेली पाचके पिठूळ भागाचे तुकडे करतात, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. बाजारातले गाळून केलेले नाचणी सत्त्व ही वेगळी वस्तू आहे. गाळताना फडक्यात जो चोथा राहतो त्यात नागलीचे बरेचसे कॅल्शियम निघून जाते, आणि नागलीचे मोल त्यासाठीच आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात १० देखील नसते.

अंडे हे तयार पाकीट समजा: स्वच्छ, मोजता येणारे, चोरी झाली तर कळणारे. ज्या दिवशी अंगणवाडीचे नसेल त्या दिवशी पाळणाघराने द्यावे. आठवडे बाजारात पालघरच्या किनाऱ्यावरचा जवळा आणि सुकट येते. ती भिजवून, दोन पाण्यांतून मीठ काढून, भाजून कुटली, तर मुलाच्या भातात चमचाभर सहज जाते. हे अन्न आपल्याकडे आधीपासून आहे आणि आहाराच्या तक्त्यांत मात्र ते क्वचितच दिसते, कारण ते तक्ते शहरात तयार होतात. कोरा चहा मुलांना पूर्ण बंद करा. तो जेवणातल्या लोहाला अडकवतो आणि भूक मारतो.

सुरक्षिततेचे आता. श्रावणातल्या जुलाबात आठवड्याभरात मिळवलेले वजन दोन दिवसांत जाते, म्हणून पाणी हा अन्नाचाच भाग धरा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकले की नाही, हे पाणीरक्षकाच्या वहीवरून कळत नाही, ओ. टी. चाचणीत नमुना पिवळा झाला तरच क्लोरीन आहे. ती चाचणी विहिरीवर करू नका, पाड्यातल्या शेवटच्या घराच्या हंड्यावर करा. शिजलेले खाणे दोन तासांत संपवायचे आणि उरलेले मुलांना द्यायचे नाही, हा नियम पाळणाघरात कडक ठेवा. कुबट वास येणारे, हिरवट-काळे झालेले शेंगदाणे चिक्कीत घालू नका. त्या बुरशीचे विष भाजून जात नाही, दाणे निवडूनच टाकावे लागतात. तळणाऱ्या गाडीवरचे काळे तेल दुकानदार स्वस्तात सुटे विकतो, ते घेणे थांबवायला बायकांच्या बैठकीत एकदा ते तेल आणि ताजे तेल दोन काचेच्या पेल्यांत शेजारी ठेवावे. बोलावे लागत नाही.

पाकिटांवरच्या बंदीविषयी आपण विचारले आहे. परवाना असलेला माल विकण्यास ग्रामपंचायत सरसकट मनाई करू शकत नाही, आणि तसा ठराव केला तरी तो टिकणार नाही. मात्र शाळेतील मुलांच्या आहाराविषयी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. ठराव या अंतराचा करा आणि चुन्याची रेघ मारा. पाकिटावर उत्पादकाचे नाव, तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक नसेल, तर तो माल मुळातच बेकायदा आहे; पिवळ्या नळ्यांच्या सुट्या पिशव्या बहुतेक याच प्रकारच्या असतात. शंका असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक, विक्रेत्याला तसे सांगून, विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून तपासून घेऊ शकतो, आणि नमुना दोषी निघाला तर शुल्क परत मिळते. दुकानदाराशी भांडण मात्र शेवटी ठेवा. एका पाड्यावर आम्ही त्याला रोज सकाळी वीस अंडी उकडून ठेवायला लावले आणि विकली न गेलेली पाळणाघराने घ्यायची, असे ठरवले. पहिल्या आठवड्यात पाळणाघराने रोज अकरा-बारा घेतली. महिन्यानंतर कधी दोन, कधी एकही नाही. पाकिटे त्याने आजही ठेवली आहेत, पण ती आता मागच्या फळीवर लटकतात.

राहिली परसबाग. तिला माझा विरोध नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ जिथे प्यायचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे वाटलेली मेथी-पालकाची बियाणे चैत्रात मरतात, आणि होळीनंतर मोकळ्या सोडलेल्या शेळ्या उरलेले खातात. मी अशा बागांच्या तीन फेऱ्या पाहिल्या आहेत. पावसाळ्यात तर पाड्याला बागेची गरज कमीच असते. शेवळे, कुर्डू, टाकळा, कवळा, करटोली जंगल देते, आणि शेवळ्याची खाज काकडाच्या फळाने कशी घालवायची हे आपल्या आजीला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तेव्हा बाग लहान करा, मोरीच्या पाण्यावर करा, आणि बियाणे गावातले घ्या. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाणांच्या कामातून हे आपल्याकडे सिद्ध झालेले आहे. गावचा वाल, घेवडा, दुधी एकदा लावला की पुढल्या वर्षी बी विकत आणावे लागत नाही. मोरीपाशी अळू आणि एक पपई, छपरावर भोपळ्याचा वेल, आणि प्रत्येक घरी एक शेवगा. शेवग्याची मनगटाएवढी जाड, चार-पाच फूट लांबीची फांदी पहिल्या पावसाच्या आधी हातभर खोल लावा, वरच्या टोकाला शेण लिंपा आणि बुंध्याभोवती करवंदीच्या काट्यांचे कुंपण करा. पाला मात्र पहिल्या वर्षी तोडू नका.